‘ग्रेड २’पेक्षा महत्त्वाचा आकडा

वाचक भगिनीचे पत्र : मी ४८ वर्षांची असून कराड येथे माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे. सहा वर्षांपासून मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत, तीन महिन्यांची सरासरी साखर ७.९ आली आहे. उंची १५८ सेंटिमीटर, वजन ६८ किलो. पित्ताच्या त्रासासाठी सोनोग्राफी केली तेव्हा ‘फॅटी लिव्हर ग्रेड २’ असे निदान आले. रक्ततपासणीत लिव्हरची एन्झाइम्स म्हणजे एसजीपीटी ७८, एसजीओटी ५२ आणि प्लेटलेट्स २ लाख १० हजार आहेत. कावीळ ब आणि क या दोन्ही तपासण्या निगेटिव्ह आहेत. डॉक्टर म्हणाले, ‘हे हल्ली सगळ्यांनाच असते, तेल-तूप कमी करा.’ मी आयुष्यात दारूला शिवलेली नाही, तरी घरातल्या एका ज्येष्ठ व्यक्तीने ‘लिव्हर असे उगाच खराब होत नाही’ असे चारचौघांत म्हटले, ते मनाला फार लागले. नणंदेच्या सांगण्यावरून रोज सकाळी गुळवेलीचा काढा घेते, आणि कोलेस्टेरॉलची गोळी लिव्हरला वाईट असते असे ऐकल्याने ती तीन आठवड्यांपूर्वी बंद केली. पुण्यात नोकरी करणारा मुलगा म्हणतो की अमेरिकेत यावर इंजेक्शन निघाले आहे, ते आपण घेऊ. मी घाबरावे की दुर्लक्ष करावे, तेच कळत नाही. तुपाचा थेंबही बंद केला आहे. कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर :

सप्रेम नमस्कार. आपण सगळे आकडे पत्रात लिहिले, ही फार चांगली गोष्ट केलीत, कारण त्या आकड्यांमुळेच आपल्याला मोघम धीर देण्याऐवजी नेमके काही सांगता येईल. मात्र त्याआधी दोन गोष्टी आजच करायच्या आहेत. काढा थांबवा, आणि कोलेस्टेरॉलची गोळी आपल्या डॉक्टरांना फोन करून त्यांच्या सल्ल्याने पुन्हा सुरू करा. या दोन्हींची कारणे पुढे देतो.

प्रथम आपल्या मनाला लागलेल्या त्या बोलण्याविषयी. १९८० साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये युर्गेन लुडविग या विकृतिशास्त्रज्ञाने वीस रुग्णांच्या यकृताचे नमुने तपासून एक निबंध प्रसिद्ध केला. सूक्ष्मदर्शकाखाली ती यकृते दारू पिणाऱ्यांच्या यकृतासारखीच दिसत होती, पण हे रुग्ण दारू पीत नव्हते. त्यांत निम्म्याहून अधिक स्त्रिया होत्या, बहुतेकांचे वजन जास्त होते आणि अनेकांना मधुमेह होता. या आजाराला त्यांनी जे नाव दिले त्यात ‘नॉन-अल्कोहोलिक’ हा शब्द होता, आणि पुढे चाळीस वर्षे तो तसाच राहिला. आजाराच्या नावातच दारूचा उल्लेख असल्यामुळे रुग्णांकडे संशयाने पाहिले जाते, हे मान्य करून जगभरातील यकृततज्ज्ञांच्या संघटनांनी २०२३ साली नाव बदलले. आता हा आजार ‘मेटाबॉलिक डिसफंक्शन असोसिएटेड स्टिएटोटिक लिव्हर डिसीज’ या नावाने ओळखला जातो, म्हणजेच चयापचयातील बिघाडाशी निगडित यकृतात चरबी साठण्याचा आजार. नाव लांबलचक आहे, पण त्यात खरे कारण आले आहे. घरातल्या त्या ज्येष्ठ व्यक्तीला एवढेच सांगा की लिव्हर उगाच खराब झालेले नाही हे खरे आहे, पण त्याचे कारण आपला मधुमेह आहे. यात आपल्याला मान खाली घालावी लागेल असे काहीही नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. ‘ग्रेड २’ या शब्दाने आपण घाबरला आहात, पण सोनोग्राफीतील ग्रेड फक्त यकृतात चरबी किती दिसते एवढेच सांगते, आणि तेही तपासणाऱ्याच्या नजरेवर बरेचसे अवलंबून असते. रुग्णाचे पुढे काय होणार हे चरबीपेक्षा यकृतात व्रण किती पडले आहेत यावर ठरते. चरबीमुळे पेशींना सूज येते, सूज वर्षानुवर्षे राहिली की जखमेवर धरते तशी खपली आतल्या आत धरू लागते, आणि मऊ यकृत हळूहळू घट्ट होत जाते. या घट्टपणाला फायब्रोसिस म्हणतात. त्याच्या शून्य ते चार अशा पायऱ्या मानल्या जातात आणि चौथी पायरी म्हणजे सिरोसिस. ग्रेड १ असलेल्या एखाद्या रुग्णाला तिसऱ्या पायरीचे फायब्रोसिस असू शकते, आणि ग्रेड ३ असलेल्याचे यकृत मऊसूत असू शकते. हा फरक रुग्णाला समजावून सांगितला जात नाही, याचे मला फार वाईट वाटते, कारण त्यामुळे एक वर्ग विनाकारण झुरतो आणि दुसरा वर्ग निर्धास्त राहून वेळ घालवतो.

फायब्रोसिसचा पहिला अंदाज घेण्यासाठी आपल्याला नवा पैसाही खर्च करावा लागणार नाही. ‘फिब-४’ नावाचे एक सूत्र आहे, आणि त्याला लागणारे चारही आकडे आपल्या पत्रात आहेत. वयाला एसजीओटीने गुणायचे, म्हणजे ४८ गुणिले ५२, ते आले २४९६. एसजीपीटीचे वर्गमूळ काढायचे, ७८चे वर्गमूळ ८.८३, आणि त्याला हजारांत मोजलेल्या प्लेटलेट्सनी, म्हणजे २१०ने गुणायचे, ते आले सुमारे १८५५. पहिल्या संख्येला दुसरीने भागले की १.३५ मिळतात. हा आकडा १.३ पेक्षा कमी असेल तर मोठे फायब्रोसिस असण्याची शक्यता बरीच कमी असते, आणि २.६७ पेक्षा जास्त असेल तर ती शक्यता गांभीर्याने घ्यावी लागते. आपला आकडा पहिल्या रेषेच्या किंचित वर आहे. याचा अर्थ फायब्रोसिस आहे असा मुळीच होत नाही. एवढाच होतो की आपल्याला ‘सगळ्यांनाच असते’ म्हणून घरी पाठवणे योग्य नाही, पुढची एक तपासणी हवी. टाइप २ मधुमेह असलेल्या प्रौढ रुग्णांची यासाठी चाळणी तपासणी करावी, त्यांचे एसजीपीटी नॉर्मल असले तरी करावी, असे अमेरिकन डायबिटीस असोसिएशनची मार्गदर्शक तत्त्वे आज सांगतात.

ही पुढची तपासणी म्हणजे फायब्रोस्कॅन. सोनोग्राफीसारखेच उताणे झोपायचे, उजव्या बरगड्यांच्या मधल्या जागेवर यंत्राचे टोक ठेवून हलके टिचकी मारल्यासारखे ठोके दिले जातात, आणि त्यातून निघालेली लहर यकृतातून किती वेगाने जाते ते मोजले जाते. घट्ट पदार्थातून लहर वेगाने जाते, मऊ पदार्थातून सावकाश जाते, एवढेच त्यामागचे तत्त्व आहे. तपासणीआधी किमान तीन तास काही खाऊ नये, कारण जेवणानंतर यकृताकडे रक्तप्रवाह वाढतो आणि आकडा फसवा येतो. एसजीपीटी खूप वाढलेले असतानाही तो फुगतो. आकडा किलोपास्कलमध्ये मिळतो. तो ८ च्या खाली आला तर निश्चिंत व्हावे आणि दर वर्ष-दोन वर्षांनी फिब-४ पाहत राहावे. ८ ते १२ च्या दरम्यान आला तर पोटविकार किंवा यकृततज्ज्ञांना दाखवावे, आणि १२ च्या वर आला तर ते विनाविलंब करावे. कराडहून पुणे, कोल्हापूर किंवा सांगली-मिरज गाठणे आपल्याला अवघड नाही. बायोप्सीचा, म्हणजे सुईने यकृताचा तुकडा काढून तपासण्याचा, विचार आज करण्याचे कारण दिसत नाही.

डॉक्टरांचे ‘सगळ्यांनाच असते’ हे म्हणणे निराधार नाही, हेही सांगितले पाहिजे. भारतातील अनेक अभ्यास एकत्र करून २०२२ साली जो हिशेब मांडला गेला, त्यात प्रौढांमध्ये हे प्रमाण सुमारे ३८ टक्के निघाले. त्यांतील बहुसंख्य लोकांना सिरोसिस कधीच होत नाही. नुसती चरबी असेल तर फायब्रोसिस एक पायरी चढायला सरासरी चौदा वर्षे लागतात आणि सूज असेल तर सात, असे वारंवार बायोप्सी केलेल्या रुग्णांवरून दिसते. म्हणजे घाई करण्याइतका हा आजार वेगवान नाही, पण मधुमेह असलेल्या आणि रजोनिवृत्तीच्या उंबरठ्यावर असलेल्या स्त्रीने तो विसरून जावा इतका संथही नाही, कारण या दोन्ही गोष्टी फायब्रोसिसचा धोका वाढवतात.

आता आहाराविषयी, आणि इथे आपण स्वतःवर थोडा अन्यायच केला आहे. यकृतातली चरबी येते कुठून, याचा अमेरिकेतील संशोधकांनी २००५ साली फार सुंदर छडा लावला होता. मोजक्या रुग्णांना खुणा केलेले अणू देऊन, नंतर यकृताचा नमुना घेऊन त्यांनी पाहिले. यकृतातल्या चरबीपैकी सुमारे ५९ टक्के चरबी शरीराच्या इतर भागांतल्या मेदातून रक्तावाटे आली होती, २६ टक्के चरबी यकृताने साखर आणि पिष्टमय पदार्थांपासून स्वतः तयार केली होती, आणि जेवणातल्या तेला-तुपातून थेट आलेली चरबी १५ टक्केच होती. इन्शुलिनला शरीर दाद देईनासे झाले की पोटावरचा मेद सुटा होऊन यकृताकडे वाहू लागतो आणि त्याच वेळी यकृतही साखरेची चरबी करू लागते. म्हणून तुपाचा थेंब बंद करून दिवसातून चार वेळा दोन-दोन चमचे साखरेचा चहा, सोबत दोन बिस्किटे आणि रात्री भाताचा डोंगर चालू राहिला तर यकृताच्या दृष्टीने फारसे काही बदलत नाही. आपला आहार असाच आहे असे मी म्हणत नाही, पत्रात तो दिलेला नाही, पण माझ्याकडे तपासणीला येणाऱ्या अनेक शिक्षिकांचा तो असा असतो. दुपारची सुट्टी अर्ध्या तासाची, डबा थंड झालेला आणि स्टाफरूममध्ये चहा मात्र तयार.

उपवासांचाही विचार करा. एकादशी आणि चतुर्थी करत असाल तर जरूर करा, श्रद्धेच्या आड येण्याचे मला कारण नाही. पण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, आणि त्यात बटाटा व वरून साखर पडली की उपवासाच्या दिवशी यकृतावर रोजच्यापेक्षा जास्त भार पडतो. त्या दिवशी मूठभर शेंगदाणे, काकडी, दही किंवा ताक, एखादे पेरू आणि हवी तर राजगिऱ्याची एक भाकरी असे ठेवता येईल. मधुमेहाच्या गोळ्या चालू असल्याने पूर्ण निराहार उपवास मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. रोजच्या जेवणात ज्वारी किंवा बाजरीची भाकरी, उसळी, पालेभाज्या, आणि चमचाभर तूप, एवढे आपल्याकडे आहेच. चहातली साखर पूर्ण सोडा, गुळाचा चहाही यकृताला साखरेसारखाच आहे. कॉफी आवडत असेल तर बिनसाखरेची प्यायला हरकत नाही, कारण नियमित कॉफी पिणाऱ्यांमध्ये फायब्रोसिस कमी आढळते असे अनेक निरीक्षणांत दिसले आहे. मात्र ते औषध म्हणून सिद्ध झालेले नाही, म्हणून न पिणाऱ्याने मुद्दाम सुरू करण्याचे कारण नाही.

वजनाबाबत माझ्या माहितीतला सर्वांत बोलका अभ्यास क्यूबातील हवाना शहरातला आहे. तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. बायोप्सीने सूज सिद्ध झालेल्या २९३ रुग्णांना वर्षभर फक्त आहार आणि चालणे यांवर ठेवले होते, औषध दिले नव्हते. ज्यांचे वजन दहा टक्के किंवा अधिक उतरले त्यांच्यातील ९० टक्क्यांची सूज गेली आणि ४५ टक्क्यांचे फायब्रोसिस मागे हटले. यकृत स्वतःची दुरुस्ती करू शकते, हे मी रुग्णांना सांगतो तेव्हा मला हा अभ्यास आठवतो. पण त्याच अभ्यासात दहा टक्क्यांपर्यंत पोहोचू शकलेले रुग्ण दहांत एकच होते, हेही लपवू नये. आपल्यासाठी हा हिशेब असा की पाच टक्के म्हणजे साडेतीन किलो उतरले तर चरबी कमी होऊ लागते, सात टक्के म्हणजे पावणेपाच किलोंनी सूज कमी होण्याची शक्यता बरीच वाढते, आणि फायब्रोसिसवर परिणाम हवा असेल तर सुमारे सात किलोंचे लक्ष्य. आठ ते दहा महिन्यांत हे साधावे, महिन्याभरात नव्हे, कारण झपाट्याने वजन उतरवले तर पित्ताशयात खडे होतात आणि यकृताला उलट इजा होऊ शकते. व्यायामाचा यकृताला होणारा फायदा वजनावर अवलंबून नसतो. काटा हलला नाही तरी आठवड्याला दीडशे मिनिटे भरभर चालण्याने यकृतातली चरबी कमी होते. म्हणून काटा जागचा हलत नाही असे वाटेल तेव्हा चालणे सोडू नका.

गुळवेलीविषयी लिहिताना मला माहीत आहे की अनेक वाचक दुखावतील. कोविडच्या काळात घरोघरी हा काढा सुरू झाला. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या चार महिन्यांत मुंबईतल्या डॉक्टरांना यकृताला तीव्र इजा झालेले सहा रुग्ण दिसले, जे गुळवेल घेत होते. त्यांनी २०२१ साली ही नोंद प्रसिद्ध केल्यावर आयुष मंत्रालयाने तिला आक्षेप घेतला. वनस्पतीची ओळख नीट पटवलेली नाही, गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी वेल असू शकते, असे त्यांचे म्हणणे होते. त्यानंतर देशातील तेरा केंद्रांतून अशा ४३ रुग्णांची माहिती पुढे आली. त्यांतील बऱ्याच रुग्णांमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटल्याची चिन्हे होती, आणि मधुमेह किंवा थायरॉइडसारखे आजार आधीच असलेले अनेक जण त्यांत होते. लाखो लोक ही वेल घेतात आणि बहुतेकांना काही होत नाही, हे खरे. पण आपले एसजीपीटी आधीच वाढलेले आहे, आणि काढा चालू असेपर्यंत ते चरबीमुळे वाढले की काढ्यामुळे, हे कोणालाच सांगता येणार नाही. काढा थांबवून सहा आठवड्यांनी तपासणी पुन्हा करा. नणंदेने प्रेमापोटीच तो दिला आहे, तेव्हा तिच्याशी वाद न घालता ‘तपासणी होईपर्यंत थांबवला आहे’ एवढेच सांगितले तरी पुरे. हळदीच्या तीव्र अर्काच्या कॅप्सूल घेत असाल तर त्याही बंद करा. भाजीतल्या हळदीला काही हरकत नाही.

कोलेस्टेरॉलच्या गोळीची गोष्ट नेमकी उलटी आहे. फॅटी लिव्हर असलेल्या रुग्णांमध्ये मृत्यूचे पहिले कारण यकृत नसून हृदयविकार असते. स्टॅटिन गटातल्या या गोळ्या हृदयाचे रक्षण करतात आणि फॅटी लिव्हरमध्ये त्या सुरक्षित आहेत, यावर आज तज्ज्ञांत दुमत नाही. मधुमेह असलेल्या स्त्रीने यकृताच्या भीतीने ही गोळी सोडणे म्हणजे लहान धोका टाळायला जाऊन मोठा ओढवून घेणे होय.

आता मुलाने सांगितलेल्या इंजेक्शनविषयी. त्याची माहिती खरी आहे. मार्च २०२४ मध्ये रेसमेटिरॉम ही रोजची गोळी या आजारासाठी अमेरिकेत मान्यता मिळवणारे पहिले औषध ठरले. यकृताच्या पेशींत थायरॉइड संप्रेरक जिथे जोडले जाते अशा एका जागेवर (ग्राहीवर) ती काम करते. ९६६ रुग्णांच्या चाचणीत वर्षभरानंतर मोठ्या मात्रेवर सुमारे ३० टक्के रुग्णांची सूज गेली, औषधाविना हे प्रमाण सुमारे १० टक्के होते. फायब्रोसिस किमान एक पायरी उतरणाऱ्यांचे प्रमाण २६ विरुद्ध १४ टक्के आले. ऑगस्ट २०२५ मध्ये सेमाग्लुटाइड या आठवड्यातून एकदा घ्यायच्या इंजेक्शनला तशीच मान्यता मिळाली. त्याच्या चाचणीतील पहिल्या ८०० रुग्णांत ७२ आठवड्यांनी सूज जाण्याचे प्रमाण ६३ विरुद्ध ३४ टक्के, आणि फायब्रोसिस सुधारण्याचे ३७ विरुद्ध २२ टक्के होते. चाळीस वर्षे ज्या आजारावर अमेरिकेत मान्यताप्राप्त औषधच नव्हते, त्यात ही मोठी प्रगती आहे आणि तिचा मला मनापासून आनंद आहे.

तरीही हे आकडे नीट वाचावेत. सेमाग्लुटाइडच्या चाचणीत औषध न घेतलेल्या गटातही पाचांत एकाहून अधिक रुग्णांचे फायब्रोसिस सुधारले, आणि औषध घेतलेल्यांपैकी निम्म्याहून अधिकांचे सुधारले नाही. दोन्ही औषधांची मान्यता दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीच्या फायब्रोसिसपुरती आहे, नुसत्या चरबीसाठी नाही. सिरोसिस झालेल्यांवर सेमाग्लुटाइडची जी लहान चाचणी झाली तिच्यात फायब्रोसिस सुधारले नाही. ही मान्यता त्वरित मान्यतेच्या पद्धतीने दिलेली आहे. रुग्ण अधिक जगतो का, यकृत निकामी होणे टळते का, याची उत्तरे त्याच चाचण्या पुढे चालू राहून मिळायची आहेत. म्हणून फायब्रोस्कॅन होण्यापूर्वी यकृतासाठी इंजेक्शन घ्यायचे की नाही हा प्रश्नच उभा राहत नाही. मात्र सेमाग्लुटाइड मुळात मधुमेहाचेही औषध आहे. आपली साखर ७.९ आहे, वजनही जास्त आहे, म्हणून मधुमेहासाठी ते आपल्याला योग्य ठरेल का, हे आपल्या डॉक्टरांशी बोलण्यासारखे नक्कीच आहे. त्या भेटीत डोळ्यांच्या पडद्याची तपासणी शेवटची कधी झाली, स्वादुपिंडाला कधी सूज आली होती का, पित्ताशयात खडे आहेत का आणि घरात कोणाला थायरॉइडचा कर्करोग झाला आहे का, हे आपणहून सांगा. पित्ताच्या त्रासासाठीच सोनोग्राफी झाली असल्याने खड्यांचा प्रश्न विशेष लक्षात ठेवा. इंटरनेटवरून किंवा ओळखीच्या दुकानातून हे औषध मागवू नका.

भारतात २०२० साली या आजारासाठी मान्यता मिळालेले सारोग्लिटाझार हे औषधही आपल्याला कोणी सुचवील. अहमदाबादच्या झायडस कंपनीने ते तयार केले. १०६ रुग्णांच्या चाचणीत सोळा आठवड्यांत एसजीपीटी आणि यकृतातली चरबी दोन्ही कमी झाली. पण सोळा आठवड्यांत फायब्रोसिस कमी झाले की नाही हे समजत नाही, आणि रक्तातला आकडा सुधारला म्हणजे यकृत सुधारले असे धरून चालता येत नाही. तज्ज्ञांनी विचारपूर्वक दिले तर जरूर घ्या, पण औषध मिळाले म्हणून चालणे थांबवू नका.

मुलाला सांगायची एक गोष्ट आहे. या आजारात घराण्याचा वाटा असतो, आणि आपल्यासारख्या भारतीयांमध्ये तो सडपातळ दिसणाऱ्यांनाही होतो. आपल्याकडे पुरुषांच्या कमरेसाठी ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही रेषा मानतात. पुण्यात दिवसभर संगणकासमोर बसणाऱ्या त्या मुलाने आईसाठी इंजेक्शन शोधताना स्वतःच्या कमरेला एकदा टेप लावावी आणि साखर तपासून घ्यावी.

फायब्रोस्कॅनचा आकडा मिळाला की काढा थांबवल्यानंतरच्या एसजीपीटीसह मला जरूर कळवा.